चालत्या घराचे मूळ

‘चालते घर’ फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हेर्न यांच्या १८८० सालच्या ‘वाफेचे घर’ या कादंबरीतील असून, भूतानच्या राजासाठी घडविलेला पोलादी हत्ती आपल्या उदरातील बाष्पयंत्राच्या बळावर चाकांवरील दोन घरे ओढीत १८६७च्या हिंदुस्थानातून मजल दरमजल जातो, अशी तिची कल्पना आहे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) वर्णिलेले, आऱ्यांत पारा भरलेले स्वयंवह चक्र इंधनावाचून अखंड फिरेल अशी कल्पना होती, व्हेर्नच्या हत्तीला मात्र मुक्कामोमुक्काम लाकूड आणि पाणी लागते. हा सरंजाम जबलपुराहून आमच्या गोंदिया मुलखाकडे वळता, तर अर्जुनी मोरगावची जंगले आणि कोहळी समाजाने बांधलेला नवेगावचा तलाव यांनी त्याच्या दोन्ही गरजा भागविल्या असत्या. याच कादंबरीत १८५७च्या उठावातील नानासाहेब पेशव्यांना व्हेर्नने निव्वळ क्रूर खलपुरुष म्हणून रंगविले, हा अन्याय मराठी वाचकाने ध्यानी ठेवावा. हिंदुस्थानात कधीही पाऊल न टाकलेल्या या लेखकाची सामग्री परक्यांच्या वृत्तान्तांतून आलेली होती.