सूज, शून्य आणि सांगावा

सूज आणि शून्य हे एकाच घरातले शब्द आहेत. संस्कृतात ‘श्वि’ म्हणजे फुगणे. त्यापासून ‘शून’, म्हणजे फुगलेले. फुगलेले ते आतून पोकळ, म्हणून ‘शून्य’. वैद्यांचे ‘शोथ’ आणि ‘शोफ’ याच धातूचे, आणि आपले ‘सुजणे’ही तिथूनच झिजत झिजत आले. न्यूमोनियाला कुणी फुप्फुसदाह म्हणतात, कुणी फुप्फुसशोथ. पहिल्या शब्दाला आग दिसते, दुसऱ्याला सूज. मला दुसरा जवळचा वाटतो, कारण या आजारात घात होतो तो पोकळी भरून गेल्याने.

‘फुप्फुस’ हे श्वासाच्या आवाजावरून पडलेले नाव असावे. ‘फोपसा’ त्याचा भाऊबंद वाटतो. ग्रीकांच्या ‘न्यूमोन’चे जुने रूप ‘प्लेउमोन’, म्हणजे तरंगणारे. पुढे ‘न्यूमा’, म्हणजे श्वास, या शब्दाच्या ओढीने त्याचा उच्चार बदलला. संस्कृत ‘क्लोमन्’ला अभ्यासक याचाच नातलग मानतात. खाटकाला विचारा, मेंढराचे फुप्फुस पाण्यावर तरंगते. न्यूमोनियाने घट्ट झालेला तुकडा मात्र काळजासारखा लाल दिसतो आणि बुडतो.

मेंढराचे नाव आले ते फलटणमुळे. फलटण-लोणंद हा मेंढरांचा मुलूख. इथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीत बंगालच्या गरोळ मेंढीचे जुळी देणारे जनुक आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी घडवली. भिजलेल्या, गारठलेल्या किंवा टेम्पोत दाटीने लांब नेलेल्या मेंढराला ढास लागते, नाक गळते, धाप लागते. त्यामागे पुष्कळदा मॅनहायमिया हिमोलिटिका हा जिवाणू असतो. एरवी तो नाकाघशात निमूट राहतो. अंगातली ताकद खचली की खाली उतरतो.

तो वायुकोशांत पोचला की तिथल्या भक्षक पेशी सांगावा धाडतात. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ हे सांगाव्याचे रेणू रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतात, पाणी पाझरते. हीच ती सूज. इंटरल्यूकिन-१ आणि ६ चा निरोप मेंदूपर्यंत जातो आणि अंग फणफणते. इंटरल्यूकिन-८ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावून आणते. त्या जिवाणू गिळायला येतात, पण मॅनहायमियाजवळ ल्यूकोटॉक्सिन नावाचे विष असते आणि ते नेमके रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पांढऱ्या पेशींना मारते. मरताना त्या फुटतात आणि जिवाणूसाठी आणलेली पाचके फुप्फुसावरच सांडतात. जितका सांगावा मोठा, तितकी ही नासाडी मोठी. म्हणून इंटरल्यूकिन-१० सारखे ‘आता पुरे’ सांगणारे रेणूही अंगात असतात, पण ते लवकर बोलले तर जिवाणूचे फावते.

या रेणूंना ‘सायटोकाइन’ हे नाव १९७४ साली स्टॅन्ली कोहेन यांनी दिले. ‘किटोस’ म्हणजे पोकळ भांडे, पुढे पेशी. ‘किनेइन’ म्हणजे हलवणे. ‘इंटरल्यूकिन’ हे नाव १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एर्मातिंगेन इथल्या बैठकीनंतर रुळले. त्याचा अर्थ पांढऱ्या पेशींच्या आपसातला. तो आता अपुरा पडतो, कारण इंटरल्यूकिन-८ फुप्फुसाच्या अस्तराच्या पेशीही तयार करतात. सायटोकाइन मात्र बरोबर आहे: सांगावा कुणी धाडला याचा हट्ट त्यात नाही, धाडल्याने कोण हलले एवढेच आहे. ‘नारी सुवर्णा’च्या जुळ्यांचे जनुकही असाच निरोप ऐकणाऱ्या रिसेप्टरचे, फक्त तो निरोप अंडाशयातला.

मराठीत मी सायटोकाइनच लिहीन, पण मेंढपाळांसाठीच्या माहितीपत्रकात त्याच्याशेजारी ‘सांगावा’ जरूर घालीन. डॉक्टर प्रतिजैविकाबरोबर सूज उतरवायचे इंजेक्शन का देतात, हे त्या एका शब्दाने समजते: एक औषध जिवाणूला, दुसरे सांगाव्याने उठलेला गोंगाट कमी करायला.