चांदीचं छत आणि सावकाराची चिठ्ठी

ऑगस्ट 1760 मध्ये, पानिपतच्या मोहिमेवर असताना, मराठा सेनापती सदाशिवरावभाऊंनी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवलं आणि ती चांदी वितळवून रुपये पाडले. रकमेबद्दल साधनांत एकमत नाही. सुमारे नऊ लाखांचा आकडा जास्त वेळा वाचायला मिळतो. पानिपतावर लिहिणारे या प्रसंगाकडे बहुधा मराठ्यांसोबत आलेल्या सूरजमल जाटाच्या नाराजीच्या अंगाने बघतात. माझी सगळी नोकरी दिल्लीत बँकेच्या क्लिअरिंग विभागात गेली, त्यामुळे मला प्रश्न पडतो तो वेगळा. उत्तर हिंदुस्थानात हुंड्यांचं, म्हणजे सावकारी चिठ्ठ्यांचं, एवढं दाट जाळं पसरलेलं असताना एका सेनापतीवर छत उतरवायची वेळ का यावी?

भाऊंच्या त्या दिवसांतल्या पत्रांत कर्ज मिळत नाही, माणसं-जनावरं उपाशी आहेत, अशी काकुळत आहे. मुलूख वर्षानुवर्षं लुटला गेलेला, वसूल येत नव्हता, मराठ्यांचे उत्तरेतले अंमलदार गोविंदपंत बुंदेले यांना पैशासाठी तगाद्यावर तगादे जात होते. शत्रू, अफगाण बादशहा अब्दाली, यमुनेपलीकडे. उद्या दिल्ली कोणाच्या हाती असेल हे ठाऊक नसताना कोणता सावकार कर्ज देणार? पत संपली की उरते ती चांदी, आणि दिल्लीत चांदी उरली होती ती बादशहाच्या छताला.

एरवी हेच सावकार केवढी उलाढाल कागदावर पेलत! पंजाबातल्या बटाल्याचा सुजानराय भंडारी औरंगजेबाच्या काळात, 1695 च्या सुमारास, मोठ्या कौतुकाने लिहून गेला आहे की सराफ रोकड ठेवून घेतात, बदल्यात एक साधी चिठ्ठी देतात, आणि दूरच्या गावातला त्यांचा माणूस ती पाहून पैसे मोजून देतो. पेशव्यांचा उत्तरेतला पैसाही पुण्याला येई तो बराचसा हुंड्यांनीच. वाटेवर पेंढारी आणि दरोडेखोर असताना नाण्यांच्या थैल्या उंटावर लादून पाठवणार तरी किती? हुंडीसाठी हुंडणावळ, म्हणजे सावकाराचा मोबदला, द्यावी लागे आणि तिचा दर वाटेच्या धोक्याप्रमाणे वरखाली होई.

हुंडीची रचना मला आजही थक्क करते. रकमेत खाडाखोड होऊ नये म्हणून आकडा उलगडून लिहीत: हजाराची हुंडी असेल तर ‘निम्मे पाचशे, त्याचे दुप्पट’ अशा पद्धतीने. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदतीची ठरल्या दिवसांनी. जोखमी हुंडीत माल सुखरूप पोहोचला तरच पैसे, म्हणजे विमाही त्याच कागदात. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसालाच द्यायचे, त्यामुळे चोराच्या हाती ती पडली तरी त्याला तिचा उपयोग नसे. हुंडी हरवली तर पैठ म्हणजे दुसरी प्रत, तीही हरवली तर परपैठ म्हणजे तिसरी. पाठीवर बेचान करून, म्हणजे नवा हक्कदार लिहून, तीच चिठ्ठी पुढच्या व्यापाऱ्याला देता येई आणि ती हातोहात फिरे. चुकती झाली की तिचा खोका होऊन पेढीच्या दप्तरात पडे. चांदणी चौकातल्या कापडवाल्याने सुरतेचं देणं असं भागवलं की दोन्हीकडचं नाणं जागच्या जागी राही. शिवाय टांकसाळ आणि साल पाहून प्रत्येक रुपयावर वेगळा बट्टा कापला जाई, ती कटकट वाचे ती वेगळीच. अठराव्या शतकात दिल्लीचं तख्त डळमळत असताना व्यापार तगला, त्याचं मोठं श्रेय मी या कागदाला देते.

इंग्रजांनाही ही व्यवस्था मोडता आली नाही. 1861 च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क सरकारने एकट्याकडे घेतला. पण 1881 चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट करताना पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या दस्तऐवजांबाबतच्या स्थानिक रिवाजांना त्यांनी हात लावला नाही. तो कायदा आजही चालू आहे आणि ते कलमही. हुंडीला खरा चाप बसला स्वतंत्र भारतात. 1977 पासून हुंडीवर घेतलेलं किंवा फेडलेलं कर्ज अकाउंट पेयी चेकने नसेल तर ते उत्पन्न धरून त्यावर कर लागतो. काळा पैसा हुंडीच्या आडून फिरत होता, हे खरंच आहे. तरीही शतकांची शिस्त असलेल्या कागदाकडे केवळ संशयाने पाहिलं जावं, याचं मला वाईट वाटतं.

मात्र हुंडीचा एक दोष कौतुकाच्या भरात झाकला जातो. ती ओळखीवर चालत होती, आणि ओळख असे ती पेढीवाल्यांना, नात्यागोत्यातल्यांना, मोठ्या आडत्यांना. शेतकरी, विणकर, हमाल यांच्या हाती तांब्याचे पैसे, कवड्या नाहीतर धान्य. त्यांच्या श्रमाला हुंडीच्या बाजारात पत नव्हती.

म्हणून मला दिल्लीतलाच अलीकडचा एक प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये इथे ‘गूंज’ सुरू केली. शहरातले वापरलेले कपडे आणि इतर सामान गोळा करायचं, निवडायचं, दुरुस्त करायचं आणि गावांकडे पाठवायचं, पण दान म्हणून नाही. गावकरी आपली निकड स्वतः ठरवतात: तळं, विहीर, बांबूचा पूल, रस्ता. सगळे मिळून ते काम करतात आणि मोबदल्यात कपड्यांचा, घरगुती वस्तूंचा संच घेतात. ‘क्लॉथ फॉर वर्क’ नावाने हे चालू झालं, पुढे त्याला ‘डिग्निटी फॉर वर्क’ म्हणू लागले. गुप्तांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कापडाला चलनासारखं वापरायचं, हे गूंज उघडपणे सांगते. हातात रोकड नाही म्हणून जे काम वर्षानुवर्षं अडून राहिलं असतं, ते यात उभं राहतं. गावाकडे श्रम होते, शहराकडे कपाटं भरून कापड होतं. दोन्हींच्या मध्ये रुपया नव्हता, एवढीच अडचण होती.