श्रीमंत बायकांची फिरकी घेणारी चित्रकार शेवटी त्यांचीच वकील झाली

एखाद्या हाय-फाय आंटीची रील आली की आपण हसून पुढे पाठवतो. रील नव्हत्या तेव्हा हे काम मासिकांतली व्यंगचित्रं करायची.

आपल्याकडे यातलं मोठं नाव म्हणजे मारिओ मिरांडा. जन्म १९२६ चा, दमणचा. घर गोव्यातल्या लोटलीचं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही, तरी ‘इलस्ट्रेटेड वीकली’मधून त्यांनी मुंबईची पार्टीवाली दुनिया गर्दीसकट कागदावर उतरवली. मिस निंबूपाणी ही त्यांची फिल्मस्टार, तर ठिपक्यांच्या ड्रेसमधली मिस फोन्सेका ही सेक्रेटरी.

मराठी मासिकांचा मामला वेगळा. ‘हंस’, ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवर शि. द. फडणीसांनी रंगवलेल्या बायका मध्यमवर्गीय, साडीतल्या आणि बहुतेक वेळा खाली एका शब्दाचीही ओळ नाही. चित्र कळायला इंग्रजी लागायचं नाही, त्यामुळे बारामती-इंदापूरच्या वाचकालाही ते तितकंच आपलं.

पण निव्वळ श्रीमंत बायकांवर अख्खं करिअर उभं केलं ते अमेरिकेच्या हेलन होकिन्सन यांनी. १९२५ साली ‘न्यूयॉर्कर’ सुरू झालं आणि त्याच वर्षी त्यांचं पहिलं चित्र आलं. पुढे सुमारे १,८०० व्यंगचित्रं आणि ६८ मुखपृष्ठं. विषय एकच : टोपी घातलेल्या, गुबगुबीत, क्लबच्या मीटिंगांत रमलेल्या प्रौढ बायका. आपल्याकडच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईच म्हणा ना. १९३१ पासून चित्रांखालच्या ओळी बऱ्याचदा जेम्स रीड पार्कर लिहायचे.

गंमत म्हणजे या बायकांनाही ती चित्रं आवडायची. त्यात कुत्सितपणा नव्हता. पण लोक आपल्या बायकांना हसण्याऐवजी त्यांची टिंगल करतायत, असं होकिन्सन यांना वाटायला लागलं. स्वभावाने त्या बुजऱ्या. तरीही त्या भाषणं द्यायला लागल्या, या बायका किती चांगलं काम करतात हे सांगायला.

१ नोव्हेंबर १९४९. धर्मादाय निधीच्या एका कार्यक्रमात बोलण्यासाठी त्या विमानाने वॉशिंग्टनला निघाल्या होत्या. उतरता उतरता विमानाची एका लढाऊ विमानाशी टक्कर झाली. ५५ जण गेले, त्यात ५६ वर्षांच्या होकिन्सनही.

आणि मारिओंची माणसं बघायची असतील, तर कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर ती आहेत.