वारशात जुन्या गाड्या आल्या, तर आधी कोणती दुरुस्त करावी: जीप की ट्रक?

महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात जुन्या शेतकरी घरांच्या मागे, गोठ्याला लागून, एखादी तरी जुनी गाडी बहुधा उभी असते. कुठे विलीज किंवा महिंद्राची जीप, कुठे ऊस आणि खत वाहून थकलेला टाटा १२१०, तर एखाद्या मोठ्या बागायतदाराकडे त्याहून जुना बेडफोर्ड किंवा फार्गो. घरातला कर्ता माणूस गेला की या गाड्या पुढच्या पिढीकडे येतात. भंगारवाला भाव विचारून जातो, नातवंडं फोटो टाकतात आणि कुणीतरी म्हणतं, "यातली एक तरी गाडी पुन्हा चालू करू या." पण कोणती?

बऱ्याच घरांत याचं उत्तर एकाच पद्धतीनं ठरतं. बॅटरी लावायची आणि जिचं इंजिन घरघरेल ती गाडी गॅरेजला न्यायची. निवडीची ही सगळ्यात धोकादायक पद्धत आहे. बंद पडलेलं इंजिन कुणाला इजा करत नाही. इंजिन चालतं, पण ब्रेक लागत नाहीत आणि चेसिस कुजली आहे, अशी गाडी मात्र जीव घेऊ शकते. शिवाय इंजिन खोलणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी मिळतो. कुजलेली चेसिस आणि हरवलेले कागद पैसे ओतूनही सहज परत मिळत नाहीत. म्हणून आधी कागद, मग चेसिस, मग ब्रेक पाहायचे आणि इंजिनकडे सर्वांत शेवटी वळायचं.

या गाड्या कुठल्या?

जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, तो १९५४ मध्ये बंद झाला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्यात क्रायस्लरच्या सहकार्यानं डॉज आणि फार्गो ट्रक बांधले. महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. टेल्कोनं १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. करार १९६९ मध्ये संपला, तेव्हा जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला. म्हणून तारा असलेला ट्रक साधारणपणे त्याआधीचा समजतात, अर्थात नंतर कुणी हौसेनं तो बसवला नसेल तर!

या इतिहासाचा आजच्या खर्चाशी थेट संबंध आहे. जीप आणि टाटाचे ट्रक कित्येक दशकं बनत राहिले, त्यामुळे त्यांचे सुटे भाग अजून मिळतात. फार्गो किंवा शेवर्लेच्या ट्रकसाठी मात्र भाग शोधत फिरावं लागतं किंवा लेथवर घडवून घ्यावे लागतात.

आधी कागद, कारण तिथेच बरेच बेत अडतात

सातबाऱ्यावर वारसांची नावं चढली म्हणून गाडी कुणाच्या नावावर होत नाही. मोटार वाहन नियमांनुसार मालकाच्या मृत्यूनंतर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मृत्यूपासून तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून हस्तांतरणाचा अर्ज करायचा असतो. प्रत्यक्षात जुन्या गाड्यांच्या बाबतीत ही मुदत उलटून वर्षं गेलेली असतात आणि आरसी अजून आजोबांच्याच नावावर असते. मग मृत्यूचा दाखला, वारसाचे पुरावे आणि इतर वारसांची ना-हरकत गोळा करावी लागते. ही ना-हरकत खर्च सुरू करण्याआधीच घेतलेली बरी. चुलते आणि आत्या ज्या गाडीला काल भंगार म्हणत होते, तीच रंगवून उभी राहिली की तिच्यातला हिस्सा अनेकांना आठवतो.

दुसरी अडचण नंबरची. 'एमएच'नं सुरू होणारी सध्याची नंबर पद्धत १९८९ पासूनची आहे. त्याआधीच्या तीन अक्षरी नंबरच्या अनेक गाड्यांची नोंद संगणकावर चढलेलीच नसते. ती 'बॅकलॉग' नोंद म्हणून चढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ आरसी किंवा जुन्या कर पावत्या लागतात. चेसिसवर कोरलेला नंबर आरसीशी जुळला पाहिजे. गंजावर हलक्या हातानं रॉकेल लावून, कागद ठेवून पेन्सिलनं प्रिंट काढता येते. ग्राइंडर तिथे अजिबात फिरवू नये. नंबर घासला गेला तर गाडी कितीही देखणी झाली तरी तिची ओळख उरत नाही. आणि नंबर जुळतच नसेल, तर ती गाडी यादीतून तिथेच बाद करावी.

तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ रूपात असलेली गाडी 'व्हीए' अक्षरांच्या नंबरवर नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती १० वर्षं चालते. पण हे नियम खासगी, बिगर-व्यावसायिक वापराच्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकींसाठी आहेत. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. म्हणजे खासगी नोंदणीची जीप या दारातून जाऊ शकते, पण तिच्या शेजारी उभा असलेला, तिच्याच वयाचा ट्रक नाही. ट्रक रस्त्यावर आणायचा तर मालवाहू गाडी म्हणून दरवर्षी फिटनेस तपासणी आली. टाटा १२१० सारख्या ट्रकचं भारासह वजन ७,५०० किलोंच्या पुढे जातं, त्यामुळे तो चालवायला कारचं लायसन्सही पुरत नाही.

जीपलाही हे दार सरसकट उघडं नाही. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेली गाडी व्हिंटेज ठरत नाही, आणि महाराष्ट्रात पेट्रोल परवडेना म्हणून असंख्य जीपमध्ये नंतर डिझेल इंजिनं बसवली गेली. हा बदल आरसीवर नोंदलेला आहे का, हे आधी पाहावं. शिवाय व्हीए नंबरची गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज मळ्यात जायचं असेल, तर नेहमीच्या खासगी नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर आणि थर्ड पार्टी विमा हाच रस्ता आहे.

चेसिस: हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर

शेतातली गाडी शहरातल्या गाडीपेक्षा वेगळ्या तऱ्हेनं कुजते. रासायनिक खत हवेतलं पाणी ओढून घेतं. पोती फाटून सांडलेलं खत फळ्यांच्या खाली, चेसिसच्या आतल्या कडांमध्ये साचतं आणि वर्षानुवर्षं लोखंड खात राहतं. गोठ्याजवळची ओल आणि गोमूत्र त्यात भर घालतात. वरून रंग शाबूत दिसतो आणि आत पापुद्रे सुटलेले असतात.

तपासणी साधी आहे. गाडीखालचा चिखल काढून चेसिसवर टप्प्याटप्प्यानं हातोडी वाजवत जायचं. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबायचं. ते आत गेलं, तर उत्तर मिळालं. पाट्यांचे हँगर, आडव्या पट्ट्यांचे रिव्हेट आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे चेसिसला बोल्ट केलेला असतो ती जागा विशेष पाहावी, कारण तिथे तडा गेला तर चालत्या गाडीचं स्टिअरिंग सुटू शकतं.

ऊस वाहिलेल्या ट्रकमध्ये आणखी एक प्रकार आढळतो. जास्त माल बसावा म्हणून चेसिस कापून लांबवलेली असते, किंवा तडा गेल्यावर पट्टी मारून वेल्डिंग केलेलं असतं. अशा जोडावर पुन्हा जोड देऊन तो ट्रक रस्त्यावर आणू नये. तो अंगणात शोभेसाठी ठेवला तर कुणाचं काही बिघडत नाही.

ब्रेक आणि चाकं

जुन्या जीप आणि ट्रकच्या हायड्रॉलिक ब्रेकना एकच सर्किट असतं. आजच्या गाडीत एक नळी फुटली तरी दोन चाकांचे ब्रेक उरतात. इथे एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. जुन्या जीपचा हँडब्रेकही चाकांवर नसतो, तो गिअरकडून मागे जाणाऱ्या शाफ्टला धरतो. ॲक्सल तुटला तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून पेडल घट्ट लागतंय एवढ्यावर विसंबू नये. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी होज आणि लोखंडी नळ्या सरसकट बदलायच्या. वर्षानुवर्षं उभ्या गाडीतलं रबर पहिल्या दहा किलोमीटरमध्येच फाटू शकतं. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ड्रम उघडल्यावर धूळ हवेच्या झोतानं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची.

ट्रकची चाकं हा वेगळाच विषय आहे. रिम, रिंग आणि लॉक अशा सुट्या भागांच्या चाकात गंजलेली रिंग हवा भरताना सुटली, तर तोफगोळ्यासारखी उडते. अशा अपघातांत टायर दुकानातल्या कामगारांचे जीव गेले आहेत. हे चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीनं, बाजूला उभं राहूनच भरायचं. टायरची नक्षी खोल दिसते म्हणून फसू नये. टायरवरचा तारखेचा आकडा तीनच अंकी असेल, तर तो टायर २००० सालाआधीचा आहे आणि त्याची जागा फक्त झोक्याला.

टाकी, वायरिंग आणि गाडीखालचा माणूस

जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली असते. गळणारी टाकी म्हणजे माणूस पेट्रोलवर बसलेला. त्याहून मोठा धोका टाकी दुरुस्त करताना असतो. 'रिकामी' टाकी वेल्डिंगला देणं अनेकांच्या जिवावर बेतलं आहे, कारण टाकीत उरलेली वाफ पेट्रोलपेक्षा लवकर भडकते. टाकी बदलणं परवडत नसेल, तर ती हे काम नेहमी करणाऱ्याकडेच द्यावी. उंदरांनी कुरतडलेली वायरिंग जोडत बसण्यापेक्षा पूर्ण नवी टाकावी आणि बॅटरीजवळ मेन स्विच बसवावा. बॅटरी लावण्याआधी मूळ वायरिंग ६ व्होल्टचं आहे की १२ चं, हेही पाहून घ्यावं.

आणि गाडीखाली शिरण्याआधी: मातीवर जॅक रुततो आणि विटा वजनाखाली एकदम फुटतात. जाड लाकडी ओंडके किंवा रेल्वेचे जुने स्लीपर आडवे-उभे रचून त्यावर गाडी टेकवायची. आधी काठीनं खालची अडगळ हलवायची, कारण बंद गाडीत साप आणि गांधीलमाशा बिनभाड्यानं राहतात.

मग निवड कोणती?

मूळ इंजिनाची, जुळणाऱ्या नंबरची आणि निरोगी चेसिसची जीप असेल, तर ती आज बंद असली तरी पहिला हक्क तिचाच. ती लहान आहे, घरच्या जागेत खोलता येते, भाग मिळतात आणि कायद्यातही तिला जागा आहे. जीपची चेसिस गेली असेल आणि टाटाचा ट्रक धडधाकट असेल, तर ट्रक घेता येतो, पण सहा टायर, दरवर्षीचं फिटनेस आणि तो चालवणारा परवानाधारक माणूस हे तिन्ही परवडणार असतील तरच. फार्गो किंवा बेडफोर्डला भावनिक किंमत कितीही असली, तरी पहिला प्रकल्प म्हणून तो घेऊ नये. सुट्या भागांच्या शोधात गाडी वर्षानुवर्षं खोललेल्या अवस्थेत पडते आणि खोललेली गाडी उभ्या गाडीपेक्षा लवकर संपते. एका वेळी एकच गाडी खोलावी. दोन खोलल्या की एकीचे बोल्ट दुसरीत जातात आणि दोन्ही अर्धवट राहतात.

ज्या गाड्या निवडल्या नाहीत, त्यांचं काय? टाकी रिकामी करून, बॅटरी काढून, छपराखाली ओंडक्यांवर ठेवली तर गाडी आणखी काही वर्षं तग धरते. लहान मुलांना तिच्यात खेळायला सोडू नये. भंगारात द्यायची ठरली, तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी, तिथलं प्रमाणपत्र घ्यावं आणि आरसी रद्द करून घ्यावी. नाहीतर गाडी वितळून जाते, पण तिचा नंबर आजोबांच्या नावावर तसाच राहतो आणि त्या नंबरवर उद्या दुसरीच गाडी फिरू शकते.