चित्तेवान आणि त्यांचे पाहुणे

चित्ता पाळणारा, त्याला शिकवणारा आणि शिकारीला नेऊन परत आणणारा नोकर म्हणजे चित्तेवान. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा पेशा चांगला भरात होता. पाळीव चित्त्याकडून काळवीट मारवणे हा दरबारच्या पाहुण्यांसाठी खास खेळ होता. गव्हर्नर, पोलिटिकल एजंट, लष्करी अंमलदार, शेजारचे संस्थानिक असे अनेक जण तो पाहायला येत. दरबारात पाहुण्याचा मान मोठा असे. माळावर मात्र केव्हा थांबायचे आणि चित्ता केव्हा सोडायचा हे चित्तेवान ठरवी. गोल्फच्या मैदानावर सामानाची पिशवी उचलणारा कॅडी फार तर सल्ला देतो आणि फटका खेळाडूच मारतो. इथे पाहुण्याला तेवढेही काम नव्हते.

चित्त्याकरवी शिकार दख्खनला नवी नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात तिचे वर्णन आहे. कोल्हापूरचे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक होते. पुढे मोगलांनी हा शौक फार वाढवला. अकबराच्या पदरी हजार चित्ते असल्याचे सांगतात, आणि ‘आईन-ए-अकबरी’त त्यांची प्रतवारी व खुराक यांचा हिशेब दिलेला आहे. पारधी समाजातील ज्या शाखेने चित्ता पकडणे आणि शिकवणे हा व्यवसाय धरला, तिला चित्तापारधी हे नाव पडले.

कोल्हापुरात हा खेळ नावारूपाला आला तो शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२). महाराज शिकलेले राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, आणि तिथले त्यांचे सहाध्यायी व जिवलग मित्र भावनगरचे भावसिंहजी. चित्त्यांचा शौक सर्वांत शेवटपर्यंत टिकला तोही याच दोन संस्थानांत. तोपर्यंत हिंदुस्थानातील रानटी चित्ता दुर्मिळ झाला होता, म्हणून आफ्रिकेतून चित्ते आणवावे लागत. १९१८ ते १९४५ या काळात संस्थानिकांनी सुमारे दोनशे आफ्रिकी चित्ते आणले असा अंदाज आहे. राजाराम महाराजांनीही (१९२२–१९४०) वडिलांचा हा शौक पुढे चालवला.

पिंजऱ्यात वाढलेले पिल्लू या कामाला उपयोगी नाही, असे चित्तेवान मानत. पळणाऱ्या हरणाला गाठून पाडण्याची कला पिल्लाला आई शिकवते, माणसाला ती शिकवता येत नाही. म्हणून रानात शिकार करून तयार झालेला पूर्ण वाढीचा चित्ताच पकडून आणत. माणसाने त्याला शिकवायचे ते एवढेच, की माणसे जवळ असताना बिथरायचे नाही आणि मारलेले सावज सोडून द्यायचे. यात काही महिने जात. चित्त्याला दोऱ्यांनी बाजेला बांधत, डोळ्यांवर कातडी टोपी चढवत आणि सतत माणसांच्या बोलण्यात ठेवत. मग त्याला रस्त्यांवरून फिरवत. गर्दी, गाड्या आणि भुंकणारी कुत्री अंगवळणी पडली की तो मैदानावर न्यायच्या लायकीचा झाला. खाणे लांब दांड्याच्या लाकडी पळीतून देत. ही पळीच चित्तेवानाचे खरे हत्यार.

शिकारीच्या दिवशी चित्त्याला डोळे झाकून गाडीवर बसवत. बहुतेक ठिकाणी ती बैलगाडी असे, कारण शेतातल्या बैलगाडीला काळवीट भीत नाही. कोल्हापूरने मात्र ‘ब्रेक’ नावाची घोडागाडी वापरली. शाहू महाराजांना घोडागाडी हाकण्याचा शौकच होता. कळपाच्या रोखाने सरळ जायचे नाही, तिरके तिरके जवळ सरकायचे, अशी रीत. अंतर शंभर-दीडशे पावलांवर आले की चित्तेवान टोपी काढी आणि चित्त्याचे तोंड कळपातल्या काळ्या नराकडे वळवी. पुढचे सगळे मिनिटभरात आटपे. चित्ता तीन-चारशे मीटरच्या आत सावज गाठतो, नाहीतर नाद सोडून खाली बसतो. गाठले तर तो गळा धरून राही. मग चित्तेवान धावत जाऊन काळविटाच्या गळ्यावर सुरी फिरवी, ताजे रक्त पळीत धरून चित्त्याच्या तोंडाशी नेई, आणि चित्ता पळीकडे वळला की टोपी पुन्हा डोळ्यांवर. गळा धरून बसलेल्या चित्त्याजवळ रिकाम्या हाताने बसण्याचे धाडस पाहुण्यांपैकी फारसे कोणी करत नसे.

चित्तेवान पाहुण्याला कशाने जोखत असेल, हे या क्रमातूनच कळते. गाडीत निश्चल बसणारा, बोलायचे सोडून बघणारा पाहुणा उत्तम. मध्येच खाली उतरणारा, कळप बुजवणारा किंवा लांबूनच ‘सोडा, सोडा’ म्हणून घाई करणारा पाहुणा म्हणजे डोकेदुखी. फार दुरून सोडलेला चित्ता हमखास हरतो, आणि एकदा दमलेल्या चित्त्याला बराच वेळ विसावा द्यावा लागतो. पाहुण्याच्या उतावळेपणाने सकाळ फुकट गेली तरी फजिती चित्त्याच्या आणि चित्तेवानाच्या नावावर जमा होई. बंदुकीच्या शिकारीत नेम चुकला तर दोष साहेबाचा असतो. ती सोय इथे नव्हती. नेमबाजीत तरबेज असलेल्या साहेबालाही या खेळात हात आवरून बसावे लागे, आणि ते सगळ्यांना जमणारे नव्हते.

चित्त्याच्या फजितीचा असा एक प्रसंग इंग्लंडात घडला होता. मद्रासचा गव्हर्नर जॉर्ज पिगॉट याने तिसऱ्या जॉर्ज राजाला चित्ता भेट दिला, आणि १७६४ मध्ये विंडसरच्या बागेत तो सांबरासारख्या मोठ्या हरणावर सोडण्यात आला. हरणानेच त्याला शिंगांवर घेऊन उधळले. त्या चित्त्याचे चित्र जॉर्ज स्टब्ज या चित्रकाराने काढले. ते आज मँचेस्टरच्या कलादालनात आहे. त्यात दोन हिंदी चित्तेवान दिसतात. एकाने चित्ता आवरून धरला आहे, दुसरा सावजाकडे हात दाखवतो आहे. दाखवणारा कोण आणि पाहणारे कोण, याची वाटणी तिथेही तीच.

माळावर हुकूम चालला तरी गावात शिकारी जमातींची प्रतिष्ठा खालचीच राहिली. इंग्रजी कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. रोज पोलिसांपुढे हजेरी देण्याची सक्ती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये अनेक जातींपुरती बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी नोकऱ्या दिल्या आणि सोनतळीच्या छावणीजवळ वसवले. ज्यांना इतरत्र चोर समजत, त्यांना राजाने पहाऱ्यावर नेमले. पाहुण्यांनी लिहिलेल्या शिकारवर्णनांत मात्र चित्ता आणि यजमान राजा यांनीच बहुतेक जागा व्यापली आहे. टोपी काढणारा माणूस एखाद्या वाक्यात येतो आणि जातो.

१९४७ मध्ये कोरिया संस्थानात तीन रानटी चित्ते मारले गेले, ते भारतातले शेवटचे समजतात. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि चित्तेवानांचा आश्रयदाता गेला. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर काळविटाची शिकार गुन्हा ठरली. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोमध्ये आणले गेले. त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, डोळ्यांवर टोपी नव्हती.