मृदाशास्त्राचे व्यावसायिक शिक्षण, रायपूर

मृदाशास्त्राचे व्यावसायिक शिक्षण, रायपूर : मातीचे परीक्षण, सर्वेक्षण व वर्गीकरण करणारे तज्ज्ञ घडविणारा अभ्यासक्रम. छत्तीसगडमध्ये त्याचे मुख्य केंद्र रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ (स्थापना २० जानेवारी १९८७) हे आहे. रायपूरचे कृषी महाविद्यालय त्याहून जुने, १९६१ चे. चार वर्षांच्या कृषी पदवीनंतर मृदाशास्त्र व कृषी रसायनशास्त्र या विषयात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि पुढे पीएच.डी. असा येथील क्रम आहे.

या शिक्षणाला रायपूरचा शिवार विशेष अनुकूल आहे. छत्तीसगडच्या मैदानात उंचवट्यावरून सखल भागाकडे चालत गेले, की माती पायाखालीच बदलत जाते. माथ्यावर मुरमाड, उथळ भाठा. तेथे कोदो-कुटकीसारखी पिके. त्याखाली पिवळसर, हलकी मटासी. तिच्यात पाणी फार काळ टिकत नाही, म्हणून लवकर येणारे भाताचे वाण. मग मध्यम पोताची डोरसा आणि सर्वांत खाली काळी, भारी कन्हार. कन्हारीत ओल एवढी धरून राहते, की उभ्या भातातच लाखोळी फेकून दुसरे पीक घेतात. या पद्धतीला ‘उतेरा’ म्हणतात. ब्रिटिश काळात मध्य प्रांतातील जमीन महसुलाच्या बंदोबस्तात याच नावांनी जमिनीची प्रतवारी झाली होती. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्यालाही कन्हार ओळखीची आहे. शेजारच्या मातींची मोरंड, सिहार, खरडी ही त्याची नावे वेगळी, एवढेच.

वर्गात याच मातींना अमेरिकी कृषी खात्याच्या वर्गीकरणपद्धतीत (प्रथम प्रसिद्धी १९७५) बसविले जाते. तिच्यात आज बारा गण असून गणापासून श्रेणीपर्यंत सहा पातळ्या आहेत. ढोबळमानाने भाठा एन्टिसॉलमध्ये, मटासी इन्सेप्टिसॉलमध्ये, डोरसा अल्फिसॉलमध्ये आणि कन्हार व्हर्टिसॉलमध्ये मोडते. पण हा मेळ ढोबळच. गावात जिला डोरसा म्हणतात, ती प्रत्येक ठिकाणी अल्फिसॉलच्या कसोटीला उतरेलच असे नाही. त्यामुळे खड्डा खणल्यावाचून गण ठरविणे चुकीचे ठरते.

खड्ड्यातले काम हाच या शिक्षणाचा कणा. साधारण दीड मीटर खोल खड्ड्याची एक बाजू सुरीने खरवडून ताजी करतात, थर वेगळे करून त्यांची जाडी मोजतात. ओल्या ढेकळाचा रंग मन्सेल रंगपटाशी ताडतात. ओली माती अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबून तिची पट्टी काढतात. पट्टी जितकी लांब निघते तितकी चिकणमाती जास्त. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर फेस आला, तर चुना आहे. कन्हारीच्या छेदात खोलवर तिरके, घासून गुळगुळीत झालेले पृष्ठभाग दिसतात. पावसात फुगणे आणि उन्हाळ्यात भेगाळणे यांमुळे मातीची ढेकळे एकमेकांवर सरकतात, त्याची ती खूण. ती नजरेला एकदा सापडली, की व्हर्टिसॉल ओळखणे अवघड राहत नाही. पुस्तकातील चित्रावरून मात्र ती सहसा सापडत नाही.

प्रयोगशाळेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध नत्र, स्फुरद व पालाश यांचे मापन शिकविले जाते. २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाल्यावर या कौशल्याला मागणी वाढली. मात्र केवळ नमुने तपासणारा तंत्रज्ञ आणि जमीन वाचणारा सर्वेक्षक यांत फार अंतर आहे. पत्रिकेवरचा पालाशाचा आकडा शेत भाठ्यात आहे की कन्हारीत, हे सांगत नाही.

सर्वेक्षणाच्या उच्च प्रशिक्षणासाठी जवळचे ठिकाण म्हणजे नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो (स्थापना १९७६). अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने तेथे भूसंसाधन व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. पदवीधरांना राज्याचे कृषी खाते, माती परीक्षण प्रयोगशाळा, कृषी विज्ञान केंद्रे, पाणलोट प्रकल्प आणि खत उद्योग येथे काम मिळते. संशोधनाकडे वळणारे कृषी संशोधन सेवेची परीक्षा देतात.