लँडलॉर्ड, टेनंट आणि कोंकणचें कूळ

पनवेलनजीक पळस्पे येथें मुंबई-पुणें रस्त्यापासून गोव्याचा रस्ता फुटतो. त्या फाट्यावरून दक्षिणेस वळलेला प्रवासी एके काळच्या खोतीच्या मुलखांत शिरतो. या मुलखांत शेत विकत घेऊं पाहणारा शहरवासी अद्यापि सातबाऱ्यांत प्रथम एकच शब्द शोधतो : कूळ.

इंग्रजी कायद्यानें कुळाला 'टेनंट' म्हटलें. लॅटिनमधील 'धरणें' या अर्थाच्या धातूपासून निघून फ्रेंचमार्गें आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'धरणारा'. आतां 'जमीनदार' घ्या. फारशींतील 'दार' म्हणजेहि धरणारा! अर्थ एकच, परंतु एकानें खंड घ्यावा व दुसऱ्यानें तो घालावा, अशी वांटणी झाली. 'लँडलॉर्ड'मधील 'लॉर्ड' हा जुन्या इंग्रजींत भाकरीचा राखणदार होता. ती भाकरी पिकवीत कोण होतें, याविषयीं शब्द मौन धरतो.

याहून गमतीचा शब्द 'फार्मर'. मध्ययुगीन लॅटिनमध्यें 'फिर्मा' म्हणजे ठरीव रक्कम. तेव्हां ठरीव रकमेच्या बोलीवर सरकारी वसुली पत्करणारा तो फार्मर. नांगर त्याच्या हातीं मागाहून आला. त्या जुन्या अर्थानें कोंकणांतील खरा फार्मर खोतच म्हणावा लागेल. गांवचा सारा सरकारांत भरण्याची हमी तो घेई, आणि कुळांकडून वसूल करी तो मात्र त्याहून अधिक.

'कूळ' हा शब्द संस्कृत; मूळ अर्थ घराणें. दप्तरांत तो सारा भरणाऱ्या घरासाठीं रूढ झाला, आणि त्या घरांचा हिशेब राखणारा तो कुळकर्णी. सावकाराच्या वहींत ऋणकोहि कूळच ठरला. शहरांत बिऱ्हाड करणारा मात्र कधीं कूळ झाला नाहीं. 'भाटक' या संस्कृत शब्दापासून भाडें, आणि तें देणारा भाडेकरू. इंग्रजीला दोघेहि टेनंटच.

कुळांनीं या शब्दाचें वजन स्वतः पालटलें. १९३३ सालीं अलिबाग तालुक्यांतील चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं खोतांची शेतें कसण्याचें नाकारलें. शेतें ओस पडलीं, घरोघर उपासमार झाली, तरी संप १९३९ पर्यंत टिकला. १९३७ मध्यें डॉ. आंबेडकरांनीं मुंबई विधिमंडळांत खोती रद्द करण्याचें विधेयक मांडलें. १९३९ च्या कायद्यानें 'संरक्षित कूळ' ही संज्ञा दिली, १९४८ चा कुळकायदा त्यापुढें गेला, आणि १९४९ मध्यें खोती उठविणारा कायदा झाला. अखेर १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं कसणारें कूळ त्या जमिनीचें खरेदीदार मानलें गेलें. किंमत मात्र त्याला भरावीच लागली. अशा जमिनींच्या विक्रीवर कलम ४३ चे निर्बंध असल्यामुळेंच सातबाऱ्यांतील तो शब्द आजहि इतक्या बारकाईनें शोधला जातो.